काका, त्या दुसऱ्या डब्यासाठी

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत दीप्ती शर्माच्या बॉलवर हरमनप्रीतने तो शेवटचा झेल घेतला, दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली आणि एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा आपल्या मुलींच्या हातात आला. नाशिकमध्येही फटाके वाजले. त्या रात्रीपासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. तुमचं आणि तुम्ही राखता त्या ग्राउंडचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण सकाळी सहाच्या नेटला येणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या घरच्यांना हे पत्र कोणाला आहे ते कळेल.

आभार बऱ्याच गोष्टींचे आहेत, पण सगळ्यात आधी त्या दुसऱ्या डब्याचे.

तुमच्या खोलीत रोलरच्या मागे पत्र्याचे दोन डबे असतात. एकात मुलांचे बॉल, दुसऱ्यात मुलींचे. दुसऱ्या डब्याला हिरवी सुतळी बांधलेली असते आणि झाकणावर तुमच्या अक्षरात '१४० ते १५१' लिहिलेलं असतं, म्हणजे महिलांच्या बॉलचं ग्रॅममधलं वजन. सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा तुम्ही स्वतःच्या पैशाने आणलात. नेट सुरू व्हायच्या आधी रोलरच्या दांड्यावर बसून एकेक बॉल त्यावर ठेवता, आकडा बघता, धोतराच्या सोग्याला पुसता आणि मगच मुलीच्या हातात देता. "हा तुझा," एवढंच म्हणता.

याआधी ज्या ग्राउंडवर या मुली जायच्या, तिथे कोणी बॉल तोलला नव्हता. मुलांचा सराव संपला की उरलेले, शिवण उसवलेले बॉल मुलींकडे यायचे. वेळ दुपारी बारा ते दोन. विकेट, म्हणजे खेळपट्टी, सिमेंटची, तीही मधोमध तडकलेली. "मुलीच तर आहेत, चालतंय की," हे वाक्य तिथे इतक्या वेळा ऐकलं की काही मुलींनी खेळणंच सोडलं. त्यातली एक डावखुरी फार चांगली होती. तिचं वाईट अजून वाटतं.

चालतंय कसं, काका? नियमात पुरुषांचा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा आणि महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. घेरही वेगळा: पुरुषांचा २२.४ ते २२.९ सेंटीमीटर, महिलांचा २१ ते २२.५. कागदावर फरक चिमूटभर दिसतो, पण चौदा वर्षांच्या मुलीच्या पंजात तो फार मोठा होतो. लेग स्पिनसाठी पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी आणि तिसरं बोट वाकवून शिवणीला टेकलेलं लागतं, बॉल फिरतो तो त्या तिसऱ्या बोटाने. बॉल मोठा असला की ते बोट पोचत नाही, मुलगी बॉल तळव्यात धरते आणि तो न वळता सरळ जातो. मग "हिला स्पिन जमत नाही" असा शिक्का बसतो. पुढे सामन्यात योग्य बॉल मिळाला तरी हाताला जडपणाची सवय झालेली असते. बॉल लवकर सुटतो आणि फुलटॉस पडतात. जोरात टाकणाऱ्या मुलींचं दुखणं वेगळं: जड बॉलने हात मागे राहतो, खांदा आणि कोपर भरून येतात, त्याची भरपाई करायला पुढचा गुडघा वाकतो आणि सगळी ॲक्शनच बिघडते. बॅटिंगवरही परिणाम होतोच. जड बॉलवर टायमिंग बसलेली मुलगी हलक्या बॉलला बॅट आधीच फिरवते आणि कव्हरला झेल देते.

नाशिकच्या हिवाळ्यात यात आणखी एक भानगड आहे, तीही पहिल्यांदा तुम्हीच दाखवलीत. सकाळी आउटफिल्डवर दव असतं. चामडं पाणी पितं आणि दहा-बारा ओव्हर ओल्या गवतात फिरलेला बॉल फुगून जड होतो. नवीन असताना १४२ भरला म्हणून तो कायम १४२ राहत नाही. म्हणून तुम्ही नेटच्या मध्यावर बॉल बदलता आणि ओला बॉल कोरड्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवता. उन्हात ठेवला तर चामडं कडक होऊन चिरतं, हे त्या सावलीमागचं कारण.

विकेटचंही तेच. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. घाईने वरवर पाणी मारून रोलर फिरवला की वर पापुद्रा बसतो, खालची माती कोरडीच राहते, दोन दिवसांत पापुद्रा सुटतो आणि एक बॉल घोट्याला तर दुसरा हनुवटीला येतो. अशा विकेटवर शिकलेली मुलगी पाय पुढे टाकायलाच घाबरते. तुम्ही आदल्या संध्याकाळी खोलवर पाणी मुरवता, अंगठा दाबला की खूण उठेल पण माती चिकटणार नाही इतकी वाट बघता, मग आधी हलका रोलर, नंतर जड, तोही सावकाश. बॉलरच्या पायाने पडलेले खड्डे खरवडून, ओली माती भरून, धुम्मसने ठोकून बुजवता. तीनपैकी एका पट्टीवर मुलांचे स्पाइक्स पडूच देत नाही, कारण मुलींची पाळी येईपर्यंत गुडलेंथला, जिथे चांगला बॉल टप्पा घेतो त्या जागी, खळगा झालेला असतो हे तुम्हाला माहीत होतं. सामन्याच्या दिवशी सीमारेषेचा रोप ६० यार्डांवर आणता आणि आतलं वर्तुळ मुलांच्या ३० ऐवजी २५ यार्डांच्या जरा पुढे आखता. कुठल्याही पत्रकात कोणी तुम्हाला हे करायला सांगितलेलं नव्हतं.

महिला क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये उभी राहिली आणि आंतरराज्य स्पर्धा पहिल्यांदा आपल्या पुण्यातच झाली, त्याच वर्षी. १९७६ मध्ये शांता रंगास्वामींच्या संघाने पाटण्यात वेस्ट इंडिजला हरवून पहिली कसोटी जिंकली. त्या पिढीने रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास केले. महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं २००६ मध्ये, पुरुषांइतकी मॅच फी जाहीर झाली २०२२ मध्ये, डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची आयपीएलसारखी लीग, सुरू झाली २०२३ मध्ये. २००५ आणि २०१७ च्या अंतिम सामन्यांत हरलेल्या मुलींनी यातलं बरंचसं मिळायच्या आधीच खेळून घेतलं होतं. आता पैसा आला, स्टेडियम भरलं, सगळं छान. पण सांगलीची स्मृती मानधना असो की सिन्नरहून डब्ल्यूपीएलच्या आधीच्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजपर्यंत पोचलेली लेग स्पिनर माया सोनवणे, पहिला बॉल प्रत्येकीने कुठल्यातरी गावच्या ग्राउंडवरच हातात घेतलेला असतो. अंतिम सामन्यात दीप्तीने पाच विकेट काढल्या त्या स्पिनवर. बोटांत बसणारा बॉल मिळाला नाही तर अशी बोटं तयार होणार कुठून?

तुम्ही एकाही मुलीला "पुढे काय होणार तुझं" असं विचारलं नाहीत. कोण निवड चाचणीत बसली, कोण नापास झाली, यावरून तुमचं वागणं बदललं नाही. पहाटेच्या एसटीने निफाडहून येणारी आणि कॉलेज रोडवरून गाडीने येणारी, दोघींचा बॉल त्याच काट्यावर तोलला. चांगुलपणा मोठ्या आवाजात बोलणारी माणसं खूप भेटतात. तुमचा आवाज आम्ही फारसा ऐकलेलाच नाही, फक्त काट्याचा 'टिंग' ऐकू येतो आणि मुली रांगेत उभ्या राहतात.

गेल्या आठवड्यात नेटवर एका छोटीने तिच्याहून छोटीला बॉल दिला. देण्याआधी तिने तो हातावर झेलून पाहिला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा जड झालाय, थांब, काकांकडून तुझा आणते." तिथे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं, काका. तुम्ही पाठ करून मिडल स्टम्पच्या जागी माती ठोकत होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.

या पत्रासोबत काट्याचे चार सेल पाठवतोय, मागच्या वेळी आकडा मधेच मिटत होता म्हणून. आणि महिलांचे सहा नवीन बॉल. दुकानदार म्हणतो सगळे बरोबर आहेत. तरी तुम्ही एकदा तोलून घ्या.

तुमच्या सकाळच्या नेटवरच्या मुली,
त्यांना शिकवणारे
आणि त्यांच्या घरचे, नाशिक