बाबांच्या खुर्चीपाशी माइक नेणाऱ्या दादांना

दादा, आमच्या होम थिएटरचा आवाज नीट करून दिल्याबद्दल फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

हॉलमध्ये होम थिएटर लावल्यापासून डायलॉग कळायचे नाहीत आणि बास, म्हणजे खालचा जाड आवाज, नुसता घुमायचा. एकाने सांगितलं सबवूफर (बासचा स्पीकर) लहान पडतोय, मोठा घ्या. दुसऱ्याने भिंतीला पातळ फोम चिकटवून पैसे नेले. ४० हर्ट्झच्या, म्हणजे बासच्या, आवाजाची लाट साडेआठ मीटर लांब असते, इंचभर फोम तिला काय अडवणार, हे मला तुमच्याकडून कळलं, पण ज्यांचा धंदाच हा त्यांनी हे सांगू नये? त्यातल्या एकाने तर बाबांच्या तोंडावर म्हटलं, काकांचे कान गेलेत आता, मशीन लावा. त्या दिवसापासून बाबांनी आमच्यासोबत सिनेमा बघणंच सोडलं होतं.

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "इथे रोज कोण कुठे बसतं?" आधीच्यांनी हे विचारलंच नव्हतं. मग तुम्ही बाबांच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीत स्वतः बसलात, सिनेमाचा एक सीन लावलात आणि म्हणालात, "काका, मलाही इथून शब्द कळत नाहीयेत." बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते तुम्ही पाहिलं नसेल, तुम्ही माइकची वायर सोडवत होतात. मी पाहिला. नंतर त्यांना बसवून माइकचा स्टँड बरोब्बर त्यांच्या कानाच्या उंचीवर आणलात, तो खालून वर चढत जाणारा आवाज वाजवलात, आणि ग्राफ आल्यावर लॅपटॉप आधी त्यांच्याकडे वळवलात. "६८ हर्ट्झला हा डोंगर बघा. खोली ५ मीटर लांब म्हणून तो इथे येतो, भिंतीपाशी सगळ्यात जास्त, आणि वाजायचं थांबलं तरी रेंगाळतो. त्याच्याखाली बोलणं दबतं."

बाबांनी चष्मा लावून विचारलं, मग हा खड्डा कसला? तिथे लाटा एकमेकींना खोडतात, इक्वलायझरने (ठरावीक आवाज कमी-जास्त करायच्या सोयीने) कितीही ढकललं तरी तो भरत नाही, उलट अँप्लिफायरवर ताण येतो, जागाच बदलावी लागते, हे सगळं तुम्ही त्यांना न कंटाळता समजावलंत. वय बघून आवाज चढवला नाही की सोपं करून गुंडाळलं नाही.

बाकी काय, बाबांची खुर्ची पुढे घेतली, सबवूफर कोपऱ्यातून हलला, टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला सेंटर स्पीकर, ज्यातून डायलॉग येतात तो, कप्प्याच्या पुढच्या कडेला आणून कानाकडे वळवला, उरलेला डोंगर इक्वलायझरने कापला. नवीन काहीही विकलं नाहीत. ज्ञान असलेली माणसं खूप भेटतात हो, पण समोरच्याचा मान राखून ते ज्ञान वापरणारी फार थोडी, आणि अशांमुळेच कुणाला मदत मागायची हिंमत होते.

आता बाबा रोज रात्री रिमोट घेऊन आमच्या आधी हजर असतात, आणि व्हॉल्यूम पूर्वीपेक्षा कमी ठेवतात. त्यांनी तुमच्यासाठी आणखी एक प्रश्न काढून ठेवलाय, जाड पडदे लावले तर बासला काही फरक पडेल का? मी म्हटलं पडद्याने वरचे आवाज शोषले जातील, बास नाही, पण त्यांना ते तुमच्याकडूनच ऐकायचंय. तेव्हा कधी येताय ते कळवा.