तुझ्या चावऱ्या पोराबद्दल

नेपरविल, इलिनॉय

प्रिय ताई,
सा. न.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुझा मेसेज ऐकला. तुझ्या अंगणवाडीत नवीन आलेला पोरगा चावतो, ढकलतो, बाकीच्या आया तक्रार घेऊन दारात येतात, आणि मदतनीसबाई म्हणतात याचं नाव काढून टाका. याला दोन ओळींत उत्तर देता येणार नाही, म्हणून सवडीनं लिहायला बसले आहे.

नाव काढायचं म्हणशील तर इथे ते कायद्यानंच रोखलंय. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०१८ पासून परवाना असलेल्या किंवा राज्याचा पैसा घेणाऱ्या बालवाडीला वागणुकीच्या कारणावरून मुलाला काढता येत नाही. आधी काय काय करून पाहिलं ते लिहून ठेवायचं, पालकांना बरोबर घ्यायचं, आणि तरीही जमलं नाही तरच रीतसर दुसऱ्या जागी सोय करायची. असं करायची वेळ का आली माहितेय? तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या वॉल्टर गिलियम यांनी २००५ साली देशभरच्या सरकारी पैशावर चालणाऱ्या बालवाड्यांचा हिशोब मांडला, तर तिथून मुलं काढून टाकण्याचं प्रमाण किंडरगार्टन ते बारावीच्या शाळांपेक्षा तिपटीहून जास्त निघालं. तीन-चार वर्षांची पोरं गं! पुढे २०१६ मध्ये त्यांच्या गटानं शिक्षकांना मुलांचे व्हिडिओ दाखवले आणि सांगितलं, खोडी कुठे सुरू होतेय ते बघा. खरं तर त्यात कुणीच खोडी काढत नव्हतं. नजर कुठे जाते ते यंत्र टिपत होतं, आणि ती जास्त वेळ काळ्या मुलग्यांवर खिळलेली होती. हे मी प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा आमच्या खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. तुला राग येईल, पण लिहिते. तुझा पोरगा कुठल्या वस्तीतून येतो हे तू मेसेजच्या पहिल्याच वाक्यात सांगितलंस. तो काय करतो ते नंतर.

आता कामाचं. आमच्या बालवाडीच्या वर्गात एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही, तसा नियमच आहे. तो खुर्च्या फेकायचा. सगळे म्हणायचे, कधी बिथरेल सांगता येत नाही. वर्गात येऊन बसणारी एक सल्लागार असते, तिनं आम्हाला एक वही घालून दिली. तीन रकाने: आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. ‘चिडला’, ‘त्रास दिला’ असलं काही लिहायचं नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. काही दिवसांत वहीच बोलायला लागली. जवळजवळ प्रत्येक खुर्ची जेवणाआधी, ठोकळे आवरायच्या वेळी उडत होती. आणि तिसऱ्या रकान्यात दरवेळी एकच: ऑफिसात नेलं, बाईंनी जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखवलं. आवराआवर टळली, वर मांडी मिळाली. मी त्याच्या जागी असते तर मीही खुर्ची फेकली असती.

मग आम्ही खुर्चीच्या मागे लागणं सोडलं आणि त्याआधीच्या वेळेला हात घातला. आवरायला पाच मिनिटं उरली की त्याच्याजवळ बसून वाळूचं घड्याळ उलटं करायचं. ‘आधी ठोकळे, मग जेवण’ अशी दोन चित्रं भिंतीवर लावली. घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे दिलं. ‘अजून थोडं’ म्हणायला एक कार्ड दिलं. दाखवलं की खरोखर थोडा वेळ द्यायचा, नाहीतर कार्डाला अर्थ काय? आणि पुस्तक वाचणं सकाळी आल्या-आल्या, काही न फेकता. सुरुवातीला प्रकार वाढला, कारण जुनं हत्यार चालेना म्हटल्यावर पोर ते दुप्पट जोरानं चालवून बघतं. बहुतेक जण नेमके इथेच हार मानतात. तू मानू नकोस. आता खुर्च्या जागेवर असतात, क्वचित एखादी उडते.

दुसरा एक आपल्यातलाच. घरी फक्त मराठी, इंग्रजीचा गंध नाही. घसरगुंडीपाशी दिसेल त्याला ढकलायचा. मी खाली बसून ‘काय झालं रे?’ विचारलं तर एका दमात सगळं सांगितलं: माझा नंबर होता, ती मधे घुसली. त्याला ‘माय टर्न’ आणि ‘स्टॉप’ एवढं हाताच्या खुणेसकट शिकवलं आणि निम्मी ढकलाढकली गेली. त्याचे बाबा मात्र मला म्हणाले, “ताई, तुम्ही एक धपाटा घाला, आमची काही हरकत नाही.” म्हटलं, हरकत राज्याची आहे. तुझा पोरगा घरी वारली बोलतो ना? मग त्यालाही आधी हे बघ.

इथलं सगळंच मला पटतं असं नाही. उठता-बसता स्टिकर वाटणं आणि मधाळ आवाजात ‘गुड जॉब’ म्हणणं मला जमत नाही. ‘सगळे ठोकळे टोपलीत टाकलेस’ असं नेमकं सांगितलेलं पोराला जास्त पोचतं. कासवाचा खेळ मात्र झकास. राग आला की थांब, हात-पाय-मान आत घे, तीन मोठे श्वास, मग काय करायचं ते ठरव. बाहुली घेऊन, मुलं शांत असताना रोज थोडं शिकवायचं. ऐन रागात शिकवून काही उपयोग नाही. मला आजोबांचा दुसरा अध्याय आठवला, कासव अवयव आवरून घेतं तसा स्थितप्रज्ञ. इथे चार वर्षांच्या पोरांना स्थितप्रज्ञ करायला निघालेत!

तू म्हणशील, तुझं ठीक आहे. आहेच. वीस मुलांमागे दोन मोठी माणसं लागतात, तसा इथला नियमच आहे. तुमच्याकडे मदतनीसबाई खिचडीपाशी आणि तुझ्या डोक्यावर वजनं, गृहभेटी, पोषण ट्रॅकर अ‍ॅपमधल्या नोंदी. म्हणून फक्त वही धर. चावलं की आधी ज्याला चावलं त्याला जवळ घे; चावणाऱ्याला मोठं भाषण नको, ‘चावायचं नाही, दुखतं’ इतकंच. मग वेळ लिही, कुणाशेजारी बसला होता ते लिही, खाऊन आला होता का ते लिही. आणि नंतर मदतनीसबाई त्याला उचलून बाहेर फिरवतात का, तेही बघ. मला दाट संशय आहे.

पानांचे फोटो पाठव, रविवारी फोनवर बसून बघू. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कुणीच नीट सांगत नाही, तेवढं तू सांग.

तुझी,
धाकटी