मदतनीस ताईंचं काम थांबू नये म्हणून : ठाणेकरांना आवाहन

नमस्कार मंडळी,

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे २० घरांच्या चाव्या आहेत. कुठे ठेवतो ते इथे लिहीत नाही, पण प्रत्येक चावीला रंगीत चिंधी बांधलेली आहे. हिरवी चिंधी म्हणजे घरात एकटं माणूस. लाल म्हणजे त्या माणसाला उठून दारही उघडता येत नाही. सकाळी साडेसातला आमच्या पाच मदतनीस ताई येतात, चार-चार चाव्या पदराला बांधतात आणि वर्तकनगर, लोकमान्यनगर, किसननगरकडे निघतात. प्रत्येक घरी दीड तास. आंघोळ, चहा-नाश्ता, औषधाची डबी बघणं, लागलं तर दवाखाना.

या कामाला तीन वर्षं सरकारी अनुदान मिळत होतं. आधी हप्ता उशिरा यायला लागला, मग निम्मा झाला. या वर्षी ‘तरतूद नाही’ असं तोंडी ऐकवण्यात आलं. लेखी मागितलं तर पत्राची पोच मिळाली, उत्तर अजून नाही. भांडण आम्ही चालू ठेवलंय, ते आमच्यावर सोडा. पण आजोबांची आंघोळ उत्तर येईपर्यंत थांबत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला दीड तासात काय होतं असं वाटतं. एका घरातलं सांगतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ८१ वर्षांचे काका, उजवा पाय ओढतात. ताई आधी न्हाणीघराची फरशी कोरडी पुसते. प्लास्टिकच्या स्टुलाच्या पायांना तिनेच सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेत, स्टूल सरकू नये म्हणून. बादली डाव्या हाताला, तांब्या मांडीवर. काकांनी एकदा ‘मी करतो’ म्हटलं की ती दाराबाहेर पाठ करून उभी राहते आणि पाण्याचा आवाज ऐकते. आवाज थांबला की हाक मारते. अनुदान निम्मं झालं तेव्हा महिनाभर आम्ही दिवसाआड ताई पाठवली. त्या महिन्यात दोघं घरात पडले. एकाचं खुब्याचं हाड मोडलं.

पेन्शन असेल की, असं बरेच जण म्हणतात. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट उभी राहिली. तिथल्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेली ही माणसं. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांची, किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबलीय. हे काका महिना १,८०० घेतात. गेल्या वर्षी त्यांचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन गेलो. त्यात महिना १,५०० मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. काकांचं भरलं २१,६००. सहाशे रुपयांनी श्रीमंत! सत्तरीपुढच्यांना पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळतं, चांगलंच आहे, आम्ही रांगा लावून काढून दिली. ते खुबा मोडून दाखल झाल्यावर चालतं. खुबा मोडू नये म्हणून रोज सकाळी हात धरणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

आणि मुलं? ठाण्यात घर परवडेना म्हणून बदलापूरला गेली. पहाटेची लोकल पकडतात, रात्री नऊला घरी. येतात बिचारी रविवारी. सगळीच वाईट नसतात, आणि जी आहेत त्यांच्यासाठी आई-वडिलांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा आहे, त्याचे अर्जही आम्ही लिहून देतो. ब्युरोची बाई ठेवायची तर यांची आख्खी पेन्शन चार दिवसही पुरणार नाही.

आता हिशेब. ताईंना महिना १२ हजार देतो. हे कमीच आहे, आम्हाला ठाऊक आहे. पाच जणींचे ६० हजार, म्हणजे एका घरामागे ३,०००. सहा महिन्यांना ३ लाख ६० हजार लागतील. सभासदांनी आपसात ८२ हजार काढलेत. त्यातले काही त्यांच्याच पेन्शनमधले आहेत. उरले २ लाख ७८ हजार. कुणी एका घराचा महिना उचलला तरी चालेल, दोनशे रुपये दिलेत तरी पावती तितक्याच आदराने फाडू. आयकरात ८०जी ची सवलत मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो. खर्चाचा कागद दर महिन्याला कार्यालयाच्या दाराला लावू.

पैसे नसतील तर रविवार द्या. त्या दिवशी ताईंना सुट्टी असते आणि ज्यांचं कुणीच येत नाही अशा सात घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. दोन पोळ्या आणि अर्धा तास पुरतो. मोबाइल चांगला हाताळणारी मुलं-मुलीही हवीत, कारण हयातीच्या दाखल्याला झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. चेहऱ्यावरून दाखला काढायला शेजारी कुणीतरी लागतं. घरात पडून असलेला वॉकर, कमोडची खुर्ची, न फोडलेली डायपरची पाकिटं आणून द्या. जुने कपडे मात्र नकोत, ठेवायला जागा नाही.

महत्त्वाचं : संघातर्फे कुणीही घरोघर वर्गणी मागत फिरणार नाही, फोन करून ओटीपी विचारणार नाही. विचारला तर तो चोर समजा. चेक संघाच्या नावे कार्यालयातच द्या, किंवा तिथल्या टेबलावरचा क्यूआर कोड वापरा.

येत्या ३० तारखेला पुढच्या महिन्याचं काय ते ताईंना सांगायचं आहे. दोघींना इतर कामं चालून आलीत, त्या आमच्यासाठी थांबल्या आहेत. कार्यालय सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. तळमजल्यावर आहे, जिना चढावा लागत नाही.

आपले,
कार्यकारी मंडळ