बटण एकदाच दाबण्याबाबत, चौथ्यांदा

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती
कोथरूड, पुणे ४११०३८

विषय: बी-२०४ यांची बटणं दाबण्याची पद्धत आणि त्यावर समितीचं मौन

महोदय,

सप्रेम नमस्कार. हे पत्र लिहायची हौस नाही. तोंडी सांगून झालं, ग्रुपवर लिहून झालं. तिथे आपण जोडलेले हात टाकलेत आणि पुढचा मेसेज टँकरच्या वर्गणीचा आला. लेखी तक्रारीवर पुढच्या समिती सभेत निर्णय घेऊन तो पंधरा दिवसांत सभासदाला कळवायचा, असं गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी (म्हणजे नियमावली) सांगतात. या पत्राची पोच मी सेक्रेटरींची सही घेऊनच ठेवणार आहे.

आधी लिफ्ट. बी-२०४ मधले सन्माननीय सभासद खाली जायचं असलं तरी वरचा बाणही दाबतात. "जी येईल ती येईल" म्हणतात. लिफ्ट एकच आहे. ती वर जाताना दुसऱ्या मजल्यावर थांबते, हे आत शिरतात आणि मग सातव्या मजल्याची फुकट सहल करून खाली येतात. आत शिरले नाहीत तर ती रिकामी वर जाऊन परतताना पुन्हा दुसऱ्यावर थांबते. तोपर्यंत ६०१ च्या आजी, ज्यांचा गुडघा नुकताच बदललाय, काठी टेकून उभ्या. बटणाभोवतीचा दिवा लागला म्हणजे कॉल नोंदला गेला. त्यानंतर कितीही ठोकलं तरी लिफ्ट लवकर येत नाही, फक्त बटण आत बसतं. दुसऱ्या मजल्याचं बसलंच आहे, नखाने उचकटून बाहेर काढावं लागतं. लिफ्टच्या माणसाने "वापरणारे जोरात दाबतात" असं रजिस्टरमध्ये लिहून दिलंय. कोण, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही.

आमची बेल. आमचे हे भोसरीला कंट्रोल पॅनलच्या कारखान्यात होते, त्यामुळे घरात या विषयावर नको तितकं ज्ञान आहे. जुन्या डिंग-डाँग बेलचं बटण दाबलं की कॉइल दांडी खेचते आणि "डिंग" वाजतं. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे ढकलते, तेव्हा "डाँग". शेजाऱ्यांच्या, म्हणजे २०४ च्याच, बोटाला उचलायची सवयच नाही. आम्हाला "डिंग" ऐकू येतं आणि मग दार उघडेपर्यंत नुसती घुरघुर. तेवढा वेळ कॉइलमधून करंट वाहत राहतो, ती तापते. गेल्या महिन्यात जळाली. आणि येतात कशाला? पेपरची पुरवणी मागायला.

हे सगळं मी शेजारधर्म म्हणून सोडूनही दिलं असतं. पंपाचं मात्र सोडता येणार नाही.

मागच्या आठवड्यात रात्री टाकी भरून पाणी गच्चीवरून आमच्या खिडकीवर पडायला लागलं. वॉचमन जागेवर नव्हता (हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे), म्हणून मीच पंपरूममध्ये गेले. लाल बटण दाबलं, पंप थांबला. बोट उचललं, पुन्हा सुरू! शेवटी मेन स्विच पाडला आणि टॉर्च मारून पाहिलं, तर हिरव्या बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खोचलेली. गुल तसाच होता, नवी काडी. स्टार्टर, म्हणजे पंप चालू-बंद करायची बटणांची पेटी, "धरत नव्हता", म्हणून २०४ ने परस्पर केलेला हा इलाज. "इलेक्ट्रिशियनचे पाचशे वाचवले," असं ते लिफ्टमध्ये सांगत होते, सातव्या मजल्याला जाता-जाता.

हिरवं बटण क्षणभरच दाबायचं असतं. तेवढ्यात कॉन्टॅक्टर, म्हणजे पेटीतला चुंबकावर चालणारा स्विच, ओढला जातो आणि मग आपल्याच एका कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवतो. लाल दाबलं की सुटतो. लाइट गेली तरी सुटतो, आणि लाइट आल्यावर कोणीतरी पुन्हा हिरवं दाबेपर्यंत पंप चालू होत नाही. एवढ्याचसाठी ती रचना आहे. काडी खोचली की हे सगळं गेलं. पहाटे लाइट आली तर पंप आपोआप चालणार, खालची टाकी रिकामी असली तरी चालणार, कोरडा चालला की सील जळणार. मग पाचशेंत भागेल का, हे खजिनदारांनी सांगावं. खडकवासल्याच्या साठ्याचे आकडे रोज पेपरात वाचायचे, कोपऱ्यावर टँकरची रांग बघायची आणि आपण गच्ची धुवायची!

काडी मी काढून ठेवली आहे. पाकिटात आहे, सभेत दाखवीन.

जाता-जाता, दुसऱ्या मजल्यावरच्या फायर अलार्मच्या लाल डबीवर दिवाळीपासून २०४ च्या आकाशकंदिलाची वायर गुंडाळलेली आहे. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते देणाऱ्याला ही वायर दिसली नाही का? लिफ्टमधलं घंटेचं पिवळं बटणही वाजत नाही. म्हणजे जी वाजायला हवी ती वाजत नाही, आणि आमची जळेपर्यंत वाजते.

इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागू नये, असं उपविधींत स्पष्ट आहे. बहुतेक सगळ्या सभासदांचं हेच मत आहे. ३०३, ४०१ आणि ६०१ मला स्वतः बोलले, फक्त सही करायला "आत्ता नको" म्हणाले. आमच्या दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडचा विषय २०४ नेहमी काढतात. त्याचा इथे काहीही संबंध नाही.

तरी विनंती अशी की स्टार्टर इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून टाकीला फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा) बसवावा, पंपरूमची किल्ली २०४ कडून लेखी परत घ्यावी, लिफ्टची घंटा याच आठवड्यात वाजती करावी आणि दुसऱ्या मजल्यावर, फक्त दुसऱ्याच, "जायचं असेल त्याच दिशेचा बाण एकदा दाबावा" अशी पाटी लावावी. पाटीचा मजकूर मी लिहून देईन. बेलच्या कॉइलचं बिल सोबत जोडलं आहे. ते २०४ च्या पुढच्या मेंटेनन्समध्ये धरावं, किंवा धरता येत नसल्यास तसं कारणासह लेखी कळवावं.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, बी-२०३

सोबत: बिलाची प्रत, पंपरूमचे फोटो
प्रत माहितीसाठी: सेक्रेटरी, खजिनदार. बी-२०४ यांना प्रत दिलेली नाही. त्यांनी ती नोटीस बोर्डावर वाचावी.