दोन हजारांचं व्हाउचर

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत आली होतीस तेव्हा माझ्या टेबलावर ज्ञानेश्वरीशेजारी बायबल, कुराणाचं मराठी भाषांतर आणि बुद्धाच्या सुत्तांचं पुस्तक पाहून तू विचारलंस, "बाबा, हे सगळं एकदम कशाला?" मी म्हणालो, "असंच, वेळ जातो." ते खोटं होतं. ज्ञानेश्वरीत खूण म्हणून जो पिवळा पडलेला कागद आहे, तो तू उलगडून पाहिला नाहीस. ते एक व्हाउचर आहे, 14 मार्च 1996 चं, दोन हजार रुपयांचं.

तेव्हा मी पतसंस्थेत कॅशियर होतो आणि तू चार वर्षांची होतीस. मार्चअखेरची गडबड होती. संध्याकाळी कॅश टॅली होईना. रोजकीर्द तीनदा तपासली, बंडलं पुन्हा मोजली, तरी दोन हजार कमीच. कॅश कमी पडली की कॅशियरच्या पगारातून जाते, हे मला माहीत होतं. चेअरमननी विचारलं, "केबिनमध्ये कोण कोण आलं होतं?" मी म्हणालो, "चहा द्यायला शिपाई आला होता." एवढंच म्हणालो. त्याने घेतले असं मी म्हटलं नाही, आणि पुढे कित्येक वर्षं याच एका वाक्याच्या आडोशाला मी उभा राहिलो.

त्याची पिशवी सगळ्यांसमोर उघडली. एक पंचा, मुलासाठी घेतलेली पाटीवरची पेन्सिल आणि जेवणाचा डबा. कोणीतरी डब्याचं झाकण काढलं आणि आतली उरलेली अर्धी भाकरी बोटाने उचलून खाली पाहिलं. तो काही बोलला नाही. दर महिन्याला दोनशे, असे दहा महिने त्याच्या पगारातून कापले गेले. ते फिटले त्याच महिन्यात तो नोकरी सोडून मुंबईला गेला.

1999 मध्ये काउंटर हलवताना माझ्या ड्रॉवरच्या मागच्या फटीतून हे व्हाउचर निघालं. पावती पुस्तकांच्या छपाईचं बिल. पैसे मीच मोजून दिले होते आणि नोंदायचं राहिलं होतं. त्या वेळी केबिनमध्ये मी एकटा होतो. कागद घडी करून खिशात घातला. त्याला शोधू आणि सांगू, असं ठरवलं. मग तुझी शाळा, आईचं ऑपरेशन, घराचं कर्ज. ठरवलेलं ठरवलेलंच राहिलं.

चिऊ, या काळात मी रोज पूजा करत होतो. पूजेच्या शेवटी म्हणायचो, 'अपराधसहस्राणि क्रियन्तेऽहर्निशं मया'. हजारो अपराधांची क्षमा रोज घाऊक मागत होतो आणि त्यातला जो एक नाव-तारखेसकट माहीत होता, तो कागद हाताशी असलेल्या ज्ञानेश्वरीत दडवून ठेवला होता. वार्षिक सभेच्या शेवटी पसायदान व्हायचं. 'जे खळांची व्यंकटी सांडो' म्हणताना, खळ म्हणजे जगातले दुसरे कोणीतरी, अशीच माझी समजूत होती. ज्ञानदेव त्या ओवीत खळांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागतात. त्या मागण्यात मी कुठे बसतो, हे पाहायचं मला सुचलं नाही.

आपल्या कोपऱ्यावरचे किराणावाले शेटजी आठवतात ना? त्यांची, म्हणजे जैनांची, संवत्सरी आणि आपली गणेश चतुर्थी बहुतेक वर्षी एकाच दिवशी येते. एका वर्षी मी मखराला माळा लावत होतो, तर ते दुकान मुलावर सोडून दारात आले आणि हात जोडून म्हणाले, "वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं." माझं दुष्कृत मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ. मी म्हणालो, "शेटजी, तुम्ही काय दुखावणार!" ते म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं." आणि पुढच्या घरी गेले. माळ हातात धरून मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो. त्यांच्या प्रतिक्रमणातलं, म्हणजे दोष कबूल करण्याच्या पाठातलं, 'खामेमि सव्वजीवे' मी नंतर वाचलं. सर्व जीवांना मी क्षमा करतो, सर्व जीव मला क्षमा करोत. पण मला पाठ झालं ते त्यांचं दारात येणं.

तेव्हापासून मी विचारत, वाचत सुटलो.

रेवदंड्याचे एक खातेदार हजला निघाले तेव्हा काउंटरवर आले होते. व्याजाच्या नोंदीवरून एकदा आमचं भांडण झालेलं. म्हणाले, "कहा-सुना माफ करा, निघालोय." जाण्यापूर्वी देणी फेडायची आणि ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे जायचं, ही त्यांच्याकडची रीत. पुढे एक हदीस वाचली. पैगंबर विचारतात, दिवाळखोर कोण? लोक म्हणतात, ज्याच्याकडे पैसा नाही तो. ते सांगतात, जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण याला शिवी दिली, त्याच्यावर आळ घेतला, कुणाचा माल खाल्ला, असंही बरोबर आणेल, त्याचं पुण्य त्या त्या माणसांना वाटून टाकलं जाईल. आणि पुण्य संपलं की त्यांची पापं याच्या नावावर चढतील. मी कॅशियर माणूस. तो हिशोब मला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

कोर्लईचा माझा जुना सहकारी दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा. त्याने बायबलमध्ये मत्तयाचा पाचवा अध्याय काढून दिला. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ज्याच्या मनात काही आहे त्याने यावं, असं तिथे नाही. जायचं आपण. दुसऱ्या दिवशी माझ्याने फुलं वाहवली नाहीत.

आणि मागच्या वर्षी कळलं, तो शिपाई वारला.

त्या दिवसांत मी इस्राएल आळीतल्या ज्यू मावशींकडे जाऊन बसायचो. तुला त्यांच्या घरचा नारळाच्या रसातला हलवा आठवेल. 1948 नंतर हळूहळू त्यांची बहुतेक माणसं इस्रायलला गेली, त्या राहिल्या. बोलतात आपल्यासारखंच अलिबागी मराठी. योम किप्पूरला त्यांची जुनी माणसं 'दारफळणीचा सण' म्हणत. दार लावून घ्यायचं, पांढरं नेसायचं, उपास करायचा, आणि देवाकडे क्षमा मागायची. मी विचारलं, "मावशी, मग सगळं माफ होतं?" त्या म्हणाल्या, "देवाचं देवाकडे. माणसाचं त्या माणसाकडे. ते देवाला माफ करता येत नाय." त्यांच्या धर्मशास्त्रात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, हे मला नंतर सापडलं.

मी विचारलं, "माणूस गेलेला असला तर?"

त्यांना आठवेना, पण त्यांच्या नातवाने शोधून दिलं. मोशे बेन मैमॉन नावाचा मोठा धर्मपंडित, पेशाने वैद्य, 1204 साली इजिप्तमध्ये वारला. तो लिहितो की, ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा माणसं बरोबर घेऊन त्याच्या थडग्यापाशी जावं आणि सगळ्यांदेखत म्हणावं, मी देवाचा आणि या माणसाचा अपराधी आहे, मी याचं असं असं केलं. पैसे देणं असेल तर वारसांना द्यावेत. वाचून मी हादरलो. पैशाचं समजत होतं. दहा माणसं कशाला, ते काही कळेना. देव आणि मी, दोघं पुरेसे नाहीत?

पैसे घेऊन मी पनवेलला त्या शिपायाच्या मुलाकडे गेलो. दोन हजार, चक्रवाढ धरून पंचवीस हजार. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो. ते पाहिले आणि मला आणखी एक गोष्ट आठवली, जी मी व्हाउचरपेक्षाही खोल दडवली होती. त्या दिवशी शिपाई दोन होते. दोघेही केबिनमध्ये येऊन गेले होते. दुसऱ्याचं नाव ना चेअरमनच्या तोंडी आलं, ना माझ्या. तो 'आपल्यातला' होता. महाडचं चवदार तळं आपल्याच जिल्ह्यात. 20 मार्च 1927 तुला मी पाठ करून घेतली होती, तिथे नेऊनही आणलं होतं.

त्याच्या बायकोला, त्या बाईंना, मी सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट मुलाकडे सरकवलं. "ठेव. यांचे नाहीत, तुझ्या बापाचे आहेत." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मला कशाला सांगता? मला माहीतच होतं. ज्यांनी डबा उघडून बघितला त्यांना सांगा."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

परतताना एसटीत बसल्यावर मला दहा माणसं कळली. चोर त्याला चारचौघांत ठरवलं होतं. मी एकट्याने देवघरात कितीही रडलो तरी त्या चारचौघांच्या मनात तो चोरच राहणार.

सुत्तांच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. बुद्ध आपल्या मुलाला, राहुलला, शिकवतोय. भांड्याच्या तळाशी थोडंसं पाणी उरलंय. म्हणतो, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्यांना लाज नाही त्यांचं साधुपण इतकंच. मग ते पाणी ओतून देतो, भांडं पालथं करतो, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवतो. पुढे सांगतो, काही करण्याआधी, करताना आणि केल्यावरही तपासून पाहा; चुकलंच असेल तर जाणत्या सोबत्यांपुढे उघड कर. एका बापाने आपल्या पोराला सांगितलेलं आहे हे. मी तुला खरं बोलायला शिकवलं तेव्हा ड्रॉवरमागचा कागद माझ्याकडे होता. म्हणून हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मी लिहितोय.

येत्या 14 मार्चला संध्याकाळी सहा वाजता, संस्थेच्या जुन्या जागेत. ती आता रिकामीच आहे, मालक तासभर उघडून देणार आहेत. त्या संध्याकाळी तिथे असलेल्यांपैकी सहा जण हयात आहेत. सहाही येतो म्हणाले. एकाला फार पटलेलं नाही, पण येतोय. बाई आणि त्यांचा मुलगा पनवेलहून येतील. मावशी नव्वदीच्या घरात आहेत, "रिक्षा पाठव, येते" म्हणाल्या. व्हाउचर मी सर्वांच्या हातात देणार आहे.

हे नऊ झाले. त्या जुन्या शास्त्रात दहा पुरुष मोजत, मी तुला मोजलंय. सुटी मिळत असेल तर ये.

तुझा,
बाबा