डोंगरावरच्या नव्वद वाड्या

पिट्सबर्ग, अमेरिका
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, घर बघायला एवढे महिने कशाला लागतात, पैसे कमी पडतायत का? पैशांचं नाही. (बरं, थोडं पैशांचंही आहे.) खरी अडचण अशी की हे एक शहर नाहीच. महापालिकेच्या हिशेबात इथे नव्वद वस्त्या आहेत आणि एकीचं तोंड दुसरीकडे नाही. एका टेकडीवर घर घेतलं की समोरच्या टेकडीवरची माणसं वर्षभर दिसणार नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही एकेक वस्ती पायी फिरतोय. फोनवर हे सांगायला गेलं तर आवाज तुटतो आणि आई मधेच ओवी जेवली का विचारते, तेव्हा म्हटलं सरळ लिहूनच पाठवावं. बाबांनी मोठ्याने वाचायचं, आईने मधे बोलायचं नाही.

आई, शास्त्री आणि सोनवी नद्या जिथे भेटतात ती जागा डोळ्यांसमोर आण आणि पात्रं खूप रुंद कर. ईशान्येकडून अ‍ॅलेगेनी येते, दक्षिणेकडून गढूळ मोनोंगहेला येते, आणि दोघी भेटल्या की पुढे ओहायो. संगमावर देऊळ नाही, कारंजं आहे, दीडशे फूट उडणारं. मोनोंगहेलातून अजूनही कोळशाचे तराफे जातात, एकाला एक बांधलेले. ओवी ते मोजत बसते.

इथले डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत. मूळचं एक पठार, ओढ्यांनी आणि नद्यांनी कापून कापून त्याचे तुकडे केलेले. त्यामुळे सगळे माथे जवळपास एका उंचीचे, आणि मधे खोल घळी. पुलांची संख्या ४४६ सांगतात. त्यातले कितीतरी पूल नदीवर नाहीतच, नुसत्या घळींवर आहेत, खाली पाणी सोडा, झाडंच झाडं. सपाट जमीन म्हणाल तर नदीकाठची तेवढी, आणि ती पोलादाच्या मिलांनी धरली. पाणी तिथे, रेल्वे तिथे, तराफे तिथे. मग कामगारांनी राहायचं कुठे? वर. जिथे बकरीही बिचकेल अशा उतारावर लाकडी घरं ठोकली आणि खाली कामावर जायला पायऱ्या केल्या.

या पायऱ्या बघून मला पहिल्यांदा आपल्या वाडीच्या पाखाडीची आठवण झाली. शहरात अशा आठशेच्या आसपास पाखाड्या आहेत, पूर्वी लाकडी होत्या, आता बहुतेक काँक्रीटच्या, बाजूला लोखंडी पाइपचा कठडा. गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी कागदोपत्री रस्ते आहेत. रस्त्याचं नाव आहे, पाटी आहे, नकाशात रेघ आहे, आणि तिथे जाऊन उभं राहावं तर समोर शंभरेक पायऱ्या. नितीनने एकदा गाडी अशाच एका 'रस्त्या'च्या तोंडाशी नेली. पुढचं मी लिहीत नाही, तो हे पत्र वाचणार आहे.

साउथ साइड स्लोप्स नावाच्या वस्तीत या पाखाड्या सगळ्यात दाट आहेत. तिथे एका ओसरीवर म्हातारे गृहस्थ बसले होते. घर बघायला आलोय कळल्यावर त्यांनी घराबद्दल काही सांगितलं नाही, वडिलांबद्दल सांगितलं. वडील पहाटे डबा घेऊन खाली मिलमध्ये उतरायचे, पाळी सुटली की खालच्या कार्सन स्ट्रीटवर दारूच्या गुत्त्यात एक थांबा, मग वर. पगाराच्या दिवशी पायऱ्या जास्त व्हायच्या, असं ते म्हणाले. बाबा, तुम्ही हे ऐकून ज्याचं नाव घ्याल तो मलाही आठवला, पण आईसमोर नको.

सगळ्यांनी पायीच चढावं असंही नव्हतं. उतारावर रूळ टाकून दोरखंडाने वर-खाली ओढले जाणारे डबे होते, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. अशा डझनाहून जास्त गाड्या होत्या, आता दोन उरल्यात, एक १८७० सालची आणि एक १८७७ची. त्या ज्या डोंगरावर चढतात त्याला आज माउंट वॉशिंग्टन म्हणतात. पूर्वी तो कोल हिल होता, त्याच्या पोटातच कोळसा होता. आई, तू आलीस की तुला यातून वर नेणार. वर गेल्यावर तिन्ही नद्या आणि पिवळे पूल एका नजरेत दिसतात. पण तिथे घर परवडणार नाही. देखावा दिसला की भाव वाढतो, हे जगभर सारखंच.

बाबा, आता जे लिहिते ते खास तुमच्यासाठी. शहराच्या हद्दीला लागून मोनोंगहेलाकाठी होमस्टेड म्हणून गाव आहे. तिथे कार्नेगीची पोलादाची मिल होती. १८९२ साली पगाराच्या करारावरून संप झाला. मालक स्कॉटलंडला, कारभार बघणारा फ्रिक इथे. त्याने मिलला कुंपण घातलं आणि रात्रीतून नदीवाटे तीनशे भाडोत्री बंदूकवाले तराफ्यांवरून आणले. ६ जुलैला कामगार आणि गावातल्या बायाबापड्या काठावर उतरल्या, दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसं मेली. शेवटी ते बंदूकवाले शरण आले. पण पुढे राज्याची फौज आली, युनियन मोडली, आणि नंतर चाळीसेक वर्षं पोलादात युनियनला पाय ठेवता आला नाही. तेव्हाचं पंपहाउस अजून उभं आहे. मी त्याच्या भिंतीला हात लावून आले, तुमच्या वतीने.

ती मिल १९८६ला बंद झाली. तुमचा संप १८ जानेवारी १९८२चा, म्हणजे इथे भट्ट्या विझत होत्या त्याच वर्षांत तिकडे लालबाग-परळचे भोंगे थांबले. आज होमस्टेडच्या त्या जागेवर दुकानं, सिनेमागृह आणि गाड्या लावायचं भलंमोठं मैदान आहे. विटांच्या बारा चिमण्या तेवढ्या रांगेत ठेवल्यात. मला तुमच्या गिरणीच्या जागेवरचा मॉल आठवला. तुम्ही आत आलात, दुकानं बघितलीच नाहीत, छताकडे बघत कुठलं खातं कुठे होतं ते सांगत होतात, आणि मी तेव्हा चिडले होते की लोक बघतायत. होमस्टेडला बारा चिमण्यांखाली मला तुमच्याच वयाचे दोघे दिसले, एक जण हाताने हवेत काहीतरी आखून दुसऱ्याला दाखवत होता. मी दूर उभी राहून बघत राहिले. यावेळी चिडले नाही.

मिल गेल्या तशी माणसंही गेली. १९५० साली इथे पावणेसात लाख लोक होते, आता तीन लाख. म्हणून अजून आपल्यासारख्यांना घर घेता येतं. हवा मात्र सुधारली. एके काळी धुरामुळे भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत, आज ओवी दम न लागता पाखाडी चढते.

तर वस्त्या. गावाकडून मुंबईला आलेला माणूस जसा थेट गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा, तसंच इथे झालं. पोलंडचा माणूस पोलिश हिलवर उतरला, इटलीच्या आब्रुत्सीकडचा ब्लूमफिल्डला, स्लोव्हाक, क्रोएशियन, युक्रेनियन आपापल्या चर्चच्या आसऱ्याला. मिलमध्ये अपघात रोजचेच, आणि मेलेल्याच्या बायकोला कोण विचारतो? म्हणून ज्याने-त्याने आपल्या लोकांची मंडळं काढली, वर्गणी जमवून अंत्यविधीचा आणि विधवेचा खर्च उचलायचा. क्रोएशियन लोकांचं मंडळ १८९४ साली निघालं, ते आजही चालू आहे. बाबा, आपल्या वाडीच्या मंडळाचं वर्गणीपुस्तक तुम्ही किती वर्षं सांभाळलंत? त्या पुस्तकाचे भाऊबंद इथे काचेच्या कपाटात ठेवलेत.

पोलिश हिल मला सगळ्यात आवडली. छोटीशी वस्ती, उताराला चिकटलेली, आणि मधोमध हिरव्या घुमटाचं अवाढव्य चर्च. रोमच्या सेंट पीटरवरून घेतलेला नमुना. १९०५च्या सुमाराला मिलमधल्या आणि रेल्वेतल्या मजुरांनी पोटाला चिमटा काढून ते बांधलं. घरं बघितलीस तर तू म्हणशील, बाय, यांनी देवाला वाडा दिला आणि स्वतः खोपटात राहिले. इस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी बऱ्याच चर्चमध्ये बायका मिळून पियेरोगी करतात, बटाट्याचं सारण भरलेल्या आणि उकडलेल्या करंज्या म्हण. कडेला मुरड घालायची घाई आणि गप्पा अगदी आपल्या दिवाळीतल्या.

तिथलं एक घर नितीनलाही पसंत पडलं होतं. पण आतून बघताना तळघरात मोकळ्यावर, भिंत नाही, दार नाही, एक संडासाचं भांडं. दलाल म्हणाला, जुन्या घरांत असतंच. कोणी म्हणतं मिलमधून काळाठिक्कर आलेला माणूस वर जाण्याआधी इथेच आवरायचा, कोणी म्हणतं गटार तुंबलं तर घाण वर न येता इथे यावी म्हणून. आईला कुठलंच कारण पटणार नाही हे मला माहीत आहे.

डोंगरांनी प्रत्येक वस्ती जपली असं म्हणायला मी निघाले होते, पण हिल डिस्ट्रिक्ट बघितल्यावर ते बोलवेना. ही काळ्या लोकांची वस्ती, शहराच्या मुख्य बाजारपेठेला खेटून. तिथलं जाझ ऐकायला दुरून माणसं यायची. १९५०च्या दशकाच्या शेवटी शहराने सुधारणेच्या नावाखाली तिचा खालचा भाग पाडला, आठ हजार माणसं उठवली आणि तिथे उघडता येणाऱ्या छताचं स्टेडियम बांधलं. ते १९६१ला उघडलं आणि पन्नासेक वर्षांत तेही पाडलं. मग कितीतरी वर्षं तिथे उरला तो गाड्यांचा तळ. क्रॉफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लोकांनी त्या काळी फलक लावला होता की तुमचा पुनर्विकास इथपर्यंतच, यापुढे नाही. आणि तिथे खरंच तो थांबवला. त्या कोपऱ्यावर उभं राहून मला चाळीच्या मीटिंगा आठवल्या, बिल्डरच्या माणसासमोर दमलेल्या आवाजात भांडणारे तुम्ही सगळे.

स्क्विरल हिल ही ज्यू लोकांची जुनी वस्ती. शाळा उत्तम, रस्त्यावर पायी हिंडणारी माणसं, चिनी खानावळींना लागून ज्यू खाटकाचं दुकान. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या प्रार्थनास्थळात एकाने गोळीबार करून अकरा जणांना मारलं, तुम्ही टीव्हीवर बघून मध्यरात्री फोन केला होतात. तिथे घरं आमच्या आवाक्याबाहेर आहेत, तेव्हा तो विषय संपला.

दक्षिणेकडे कॅरिककडे गेलो तेव्हा मात्र ओवी ओरडली, "आई, मराठी!" दुकानाच्या काचेवर देवनागरीत नेपाळी पाटी. भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळी बोलणारे लोक, वर्षानुवर्षं नेपाळच्या छावण्यांत राहून २००८नंतर इथे आले. आता त्या भागात त्यांची किराणा दुकानं आहेत, मोमो आहेत, आणि संध्याकाळी इमारतीबाहेर कट्ट्यावर बसलेल्या आज्या आहेत. त्यांना हिंदी कळतं. आई, तुझं हिंदी त्यांना कितपत कळेल ते तू आल्यावर बघू.

नितीनचं म्हणणं, उत्तरेला शहराबाहेर सपाटीवर घर घ्यावं. गॅरेज मिळेल, मराठी घरंही तिकडे पुष्कळ. मी नाही म्हणत नाही, पण तिकडे दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागते. तुम्ही दोघं सहा महिने येणार आणि दिवसभर खिडकीतून रिकामा रस्ता बघणार, हे मला नको. मी ब्रुकलाइनवर अडून बसलेय. डोंगराच्या माथ्यावरचा रुंद बाजाररस्ता, बेकरी, वाचनालय, शहरात जाणारी बस, आणि बहुतेक घरांना ओसरी. बर्फात शेजाऱ्याने उपसून मोकळी केलेली गाडीची जागा तो जुनी खुर्ची ठेवून अडवतो आणि ती खुर्ची कोणी हलवत नाही. बाबा, हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडून बघायची माझी छाती नाही.

एकच पेच आहे. ब्रुकलाइनलाही बाजार सोडला की उतारच, आणि आम्ही बघितलेल्या घरांपैकी बऱ्याच घरांना रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या आहेत. म्हणून आई, पुढच्या वेळी गुडघे दाखवायला जाशील तेव्हा डॉक्टरांना नीट विचार, रोज चढउतार किती चालेल. "बघू, होईल" असं नको, आकडा विचार. मी दारासमोरच्या पायऱ्या मोजूनच बयाणा देणार आहे.

बाबा, व्हिसाच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स दादाकडे देऊन ठेवा आणि मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा.

तुमची,
सुजाता

ता. क. आई, मासळीचं विचारलं होतंस. अ‍ॅलेगेनीच्या काठी स्ट्रिप म्हणून जुना घाऊक बाजार आहे, शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मासळीचं जुनं दुकान आहे, कोळंबी चांगली मिळते, बांगडा कधीमधी. बोंबील नाही. सुके बोंबील आणायचा विचारही करू नकोस, विमानतळावर विचारतील. आगळाची बाटली मात्र नीट बांधून आण.