आगबोट आपोआप चालत नव्हती

मा. संपादक,
स. न.

राष्ट्रीय सागरी दिनाचा आपला लेख वाचला. 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालेली सिंदिया या भारतीय जहाज कंपनीची 'लॉयल्टी' बोट, कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, सगळे त्यात आले. फक्त ती चालवणारे खलाशी त्यात नाहीत, लेखातली आगबोट आपोआप चालते, म्हणून हे पत्र.

माझे पणजोबा त्याच काळात विलायती मालवाहू बोटींवर खलाशी होते. आमच्या रत्नागिरीकडची माणसं बहुधा डेकवर, भटारखान्यात गोंयकार आणि खाली बॉयलरपाशी पंजाबी-पठाण, अशी वाटणीच असे. मुंबईत कापूस नाहीतर मँगनीज भरून झालं की हॅचवर, म्हणजे मालाच्या कोठाराच्या तोंडावर, फळ्या, फळ्यांवर ताडपत्री, कडेने लाकडी पाचरा. त्यातली एखादी जरी सैल राहिली तरी पावसाळ्यात लाट थेट मालात. उरलेला वेळ गंज ठोकून काढण्यात. त्या हातोड्यांनीच त्यांचा उजवा कान गेला, असं आजी सांगायची.

पण खालच्यांपुढे आपलं काम म्हणजे आराम, हे ते स्वतःच म्हणत. चार तास पाळी, आठ तास सुटका, की पुन्हा चार तास. कोळसेवाला बंकरमधून, म्हणजे बोटीवरच्या कोळशाच्या कोठारातून, कोळसा ओढून आणणार, आगवाला तो भट्टीत फेकणार, लांब सळईने निखारे फोडणार. राख बादल्यांनी वर चढवून समुद्रात. तांबड्या समुद्रात वारा पाठीमागून आणि बोटीच्याच वेगाचा असला की खाली हवा पोचतच नसे. मग कधीकधी कप्तान बोट उलटी वळवून वाऱ्यावर घेई, खालच्यांना श्वास मिळावा म्हणून. तेवढा उशीर मात्र मालकाला कळवावा लागे!

आणि झोपायला? 1906 च्या ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशाला 120 घनफूट जागा दिली. हिंदी खलाशाच्या वाट्याला 36. सहा फूट लांब, तीन रुंद, दोन उंच. आमचं लोखंडी कपाट आडवं पाडलं तर साधारण तेवढंच भरेल. मी टेप लावून पाहिलं.

मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक जणांची नावं तिथे आहेत. पुढच्या 5 एप्रिलला 'लॉयल्टी'च्या त्याच फोटोऐवजी आपला छायाचित्रकार तिकडे पाठवता आला तर पाहावं. पणजोबा घरी परतले, त्यामुळे त्यांचं नाव तिथे सापडणार नाही.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी